ब्रेक पॅड बदलताना या चुका टाळा: घाटाचं गणित वेगळं, ट्रॅकचं वेगळं

बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाताना जांबोटीच्या अलीकडे रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडी लागते. जानेवारीत पहाटे तिथं धुकं असं दाटतं, की पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला तरी नशीब. वेग 30 च्या आसपास होता. धुक्यातून म्हशीचं तोंड वर आलं, मी ब्रेक दाबला आणि गाडी निवांत पुढं जात राहिली. पेडल दगडासारखं कडक, पायात होता नव्हता तेवढा जोर, तरी गाडी थांबायचं नाव घेईना. म्हैस शहाणी निघाली, ती बाजूला झाली.

आदल्याच रविवारी मी पुढच्या चाकांना ट्रॅकचे, म्हणजे शर्यतीच्या रस्त्यासाठी बनवलेले पॅड बसवले होते. एका मित्राकडून निम्म्या किमतीत मिळालेले, ‘रेसचा माल’ म्हणून. माल खरोखरच रेसचा होता, त्यात खोट नव्हती. खोट माझ्या समजुतीत होती.

“रेसचा पॅड म्हणजे जास्तच लागणार”

सगळ्यात महागडी चूक हीच. पॅडमध्ये हलका आणि भारी अशी सरळ उतरंड नसते. प्रत्येक पॅड ठरावीक तापमानात नीट पकडतो, त्याच्या खाली आणि वर ढेपाळतो. रस्त्यावरचा साधा पॅड थंडगार असतानाही पहिल्या दाबाला पकडतो, पण साधारण 300-350 अंश सेल्सिअसच्या पुढं त्याचा जीव जातो. पक्का रेसचा पॅड 600 अंशांपुढंही टिकतो, पण तो कामाला लागायलाच 150-200 अंश लागतात. धुक्यातल्या त्या पहाटे माझी डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी आणि पॅड पकडतो ती लोखंडी चकती, हाताला थंड लागली असती. शिवाय त्या पॅडनं डिस्क वाळूच्या कागदासारखी घासली आणि रोज क्लब रोडच्या सिग्नलला गाडी अशी किंचाळायची, की शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा.

म्हणून खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा बघून पॅड घेऊ नका. ‘800 अंशांपर्यंत’ असं छापलेलं असेल, तर मनातल्या मनात विचारा: आणि सुरू कुठून होतो?

पॅडच्या मागच्या पत्र्यावर किंवा कडेला बऱ्याचदा दोन अक्षरं छापलेली असतात, एफएफ, जीएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं गरम असतानाचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. पहिल्यापेक्षा दुसरं अक्षर खालचं निघालं, तर तापल्यावर पकड कमी होणार एवढं समजायचं. मात्र ही चाचणी साधारण 340 अंशांवर थांबते. घाटासाठी आणि रोजच्या वापरासाठी ही अक्षरं उपयोगी आहेत, ट्रॅकसाठी त्यांवर विसंबता येत नाही. युरोपातून आलेल्या पॅडवर आर-90 चं, म्हणजे बदली पॅडसाठीच्या तिथल्या नियमाचं प्रमाणपत्र असेल, तर त्याची पकड मूळ पॅडच्या 15 टक्के अलीकडे-पलीकडे आहे असा अर्थ होतो. रोजच्या गाडीला हे प्रमाणपत्र मला कुठल्याही चकचकीत रंगापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

घाट म्हणजे ट्रॅक नव्हे

आपल्याकडे, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात, ‘परफॉर्मन्स पॅड’ हवा असं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा चोर्ला, आंबोली नाहीतर अनमोड घाट उतरायचा असतो. सोबतीला पुणे-बेंगळूरू महामार्गावर थोडा वेग. ट्रॅकवर जाणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. दोघांना पॅड मात्र एकच विकला जातो.

थोडं गणित करू, ते गमतीचं आहे. 1200 किलोची गाडी ट्रॅकवर 140 वरून 60 वर आणली, तर ब्रेकना सुमारे 740 किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते, आणि तीही 3 सेकंदांत. म्हणजे जवळपास 250 किलोवॅटचा तडाखा. मग पुढचा सरळ पट्टा येतो, वारा लागतो, डिस्क जरा निवते, पुन्हा तडाखा.

तीच गाडी घाटात 100 मीटर खाली उतरली, तर सुमारे 1180 किलोज्यूल सुटतात. ताशी 100 च्या वेगातली गाडी अडीच वेळा थांबवण्याइतकी ही ऊर्जा. उतार 6 टक्के आणि वेग 30 धरला, तर हे 200 सेकंदांत होतं, म्हणजे सतत 6 किलोवॅट. घरातले तीन गिझर एकदम लावून ठेवल्यासारखं. आकडा लहान वाटतो, पण वेग कमी असल्यामुळे वारा नाही आणि वळणामागून वळण येत असल्यामुळे उसंत नाही. उष्णता पॅडच्या मागून त्याला दाबणाऱ्या पिस्टनमध्ये आणि तिथून पेडलचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलमध्ये सावकाश मुरत जाते. ट्रॅकवर ऑइल उकळत नाही असं नव्हे, उकळतंच. पण ट्रॅकवर आधी पॅडचा हिशेब लागतो, घाटात आधी ऑइलचा.

त्यामुळे घाटात पेडल खाली गेलं म्हणून पॅड बदलणारा माणूस भलत्याच दुखण्यावर औषध घेत असतो.

पेडल काय सांगतंय ते आधी ऐका

कडक पेडल, गाडी थांबत नाही: पॅड थंड आहे, जळालाय, नाहीतर त्यावर ग्रीस-तेल सांडलंय. पेडल कडक आणि नेहमीपेक्षा फारच जड असेल, तर पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्युम बूस्टर किंवा त्याचा पाइप बघा.

मऊ, स्पंजासारखं पेडल, दाबलं की खाली जातं: ऑइल उकळलंय, नाहीतर लाइनमध्ये हवा आहे. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पाय रिकाम्यात जातो.

पाय न हलवता पेडल सावकाश बसत गेलं: पेडलखाली ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरची सील गेलेली असू शकते, किंवा कुठंतरी गळती आहे. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका.

उद्यमबागेतले एक जुने मेस्त्री आहेत. मी त्यांना अमुक पॅड चांगला की तमुक असं विचारत होतो. त्यांनी उत्तर न देता ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं आणि आत बोट दाखवलं. ऑइल काळपट चहासारखं झालेलं. “पॅडला कशाला शिव्या देताय? पॅड बरं हाईत की. तेल कवा बदलल्यालं?” मला आठवेना. मेस्त्री हसले नाहीत, हे जास्त लागलं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. ‘डॉट’ ही ऑइलची प्रतवारी. डॉट 3 चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान 205 अंश, पाणी मुरल्यावर 140. डॉट 4 चा 230 आणि 155. डॉट 5.1 चा 260 आणि 180. हे किमान आकडे आहेत, चांगल्या बाटलीवर याहून वरचे दिसतात. कणकुंबी-आंबोलीचा पाऊस बघता आपल्याकडे दोन वर्षांची मुदत ताणू नये. मी दर मे महिन्यात डॉट 4 पूर्ण बदलून हवा काढून घेतो. पॅडच्या मानानं हा खर्च काहीच नाही. नुसता ‘डॉट 5’ मात्र सिलिकॉनचा असतो, 5.1 समजून तो ओतू नका.

आंबोलीच्या धबधब्याला एक गोष्ट नेहमी दिसते. घाटात ब्रेक तापवत आलेली गाडी लोक तिथं थांबवतात, भजी-कणीस खातात, अर्ध्या तासानं निघतात आणि पहिल्याच वळणाला पेडल मऊ. थांबल्यामुळे ब्रेक निवायला हवा होता ना? पण गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि तापलेल्या डिस्कची धग कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागात शिरते. ऑइल जुनं असेल तर ते उभ्या गाडीत उकळतं. थांबायच्या आधी एखादा किलोमीटर ब्रेक न वापरता, खालच्या गिअरमध्ये गाडी चालवा. आणि कृपा करून तापलेल्या चाकावर बाटलीतलं पाणी ओतू नका. डिस्क तडकू शकते.

न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांना मी आता काही सांगत नाही, फक्त एक माहिती देतो. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही. इंजिनच बंद केलंत, तर दोन-तीन दाबांत बूस्टरचा व्हॅक्युम संपतो आणि पेडल खांबासारखं होतं.

नवे पॅड बसवले आणि थेट घाटात गेले

नव्या पॅडमधला राळेचा अंश पहिल्यांदा तापला की त्याचा वायू सुटतो आणि पॅड-डिस्कच्या मध्ये पातळ गादी तयार होते. पॅड कोरा करकरीत, तरी ब्रेक गायब. म्हणून पॅड आधी ‘बसवून’ घ्यावे लागतात. मी सांबऱ्याच्या पुढं पहाटे रिकामा रस्ता बघून करतो: 70 वरून 20 पर्यंत, मध्यम जोरानं, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मग दहा मिनिटं ब्रेकला शक्यतो हात न लावता गाडी पळवायची. गरम असताना पाय दाबून उभं राहायचं नाही, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. कंपनीनं खोक्यात वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. ऊस हंगामात हा उद्योग दिवसा करू नका. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तुमच्या वेळापत्रकानं चालत नाही.

“डिस्क वाकली, फेसिंग मारून घेऊ”

बेळगावात लेथ जिकडे तिकडे, म्हणून हा मोह फार. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं की डिस्क काढून लेथवर, फेसिंगला, म्हणजे तासून सपाट करायला. पण बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त बसलेला असतो. दुसरं कारण याहून साधं: डिस्क बसवताना हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या मधल्या भागावरचा गंज आणि लाल माती साफच केलेली नसते. हबजवळ कागदाएवढा कचरा राहिला, तरी डिस्कच्या कडेला तो वाढून दिसतो. आधी हब तारेच्या ब्रशनं घासा, डायल गेजनं डगमग मोजा. बऱ्याच गाड्यांत ती 0.05 मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. फेसिंग मारायचंच असेल, तर डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचा. पातळ डिस्क लवकर तापते, म्हणजे दुखणं गेलं आणि आजार राहिला.

जुन्या डिस्कवर वेगळ्या जातीचा पॅड बसवतानाही आधीचा थर घासून काढावा लागतो, नाहीतर थरथर आणि किंचाळणं दोन्ही पदरात. कॅलिपरच्या पिनांना साधं पिवळं ग्रीस लावू नका. त्यानं रबर फुगतं, पिन अडकते आणि आतला पॅड पार झिजून बाहेरचा तसाच राहतो. सिलिकॉनचं ग्रीस मिळतं, लहान ट्यूब वर्षानुवर्षं पुरते.

पुढं भारी, मागं तसंच

फक्त पुढच्या चाकांना जास्त पकडीचे पॅड लावले आणि मागचे ड्रम लायनर (ड्रम ब्रेकमध्ये पॅडचं काम करणारे) जुनेच ठेवले, तर सगळा भार पुढं येतो. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर सरकायला लागतात, चाकं अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आधी जागी होते, थांबायचं अंतर मात्र कमी होत नाही. मागच्या लायनरची जाडी आणि ॲडजस्टमेंट आधी बघा. टायर गुळगुळीत असतील, तर पॅडचा विषयच काढू नका.

खरंच ट्रॅकवर जायचं असेल

आपल्या दारावरून जाणारा 48 क्रमांकाचा महामार्गच पुढं चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जातो, जिथं 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आहे. गाडी घरून ट्रॅकचे पॅड लावून नेऊ नका. रस्त्याच्या पॅडवर जा, तिथं बदला, परतताना पुन्हा बदला. एकच पॅड हवा असेल, तर यलोस्टफ किंवा डीएस2500 या नावाच्या पॅडसारखा, रस्ता आणि ट्रॅक यांच्या मधला निवडा, पण आवाज आणि काळी धूळ सहन करायची तयारी ठेवा.

पॅड निम्म्याहून कमी राहिला असेल तर ट्रॅकवर उतरू नका. पातळ पॅडमधून उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोचते. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता काढा. गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

माझे ते रेसचे पॅड मी विकले नाहीत. एका डब्यात आहेत, प्रत्येकाच्या पत्र्यावर मार्करनं लिहिलेलं: ‘डावा-आत’, ‘डावा-बाहेर’, ‘उजवा-आत’, ‘उजवा-बाहेर’. ज्या बाजूला पॅड बसलाय, त्याच बाजूला तो पुन्हा लावला की डिस्कशी लगेच जुळतो.