सीएसआरची पहिली फाइल

इंदूरच्या एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीचं प्रशिक्षण) लागून चार महिने झाले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सरांनी पीथमपूरच्या एका कारखान्याची सीएसआरची, म्हणजे कंपनीनं कायद्याप्रमाणे करायच्या सामाजिक खर्चाची, फाइल माझ्यापुढे ठेवली. "हे तू बघ गं." मला वाटलं, पावत्या जुळवायच्या, दुपारपर्यंत होईल. तीन आठवडे लागले.

नव्याने येणाऱ्यांनी आधी कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ वाचा. मागच्या वर्षी कंपनीची नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. हा नफा कलम १९८प्रमाणे काढायचा. मी नफा-तोटा पत्रकातला आकडा तसाच उचलला होता, तुम्ही उचलू नका.

बँक स्टेटमेंटमध्ये ३० मार्चची नोंद होती: शाळेच्या स्वच्छतागृहांसाठी एका संस्थेला मोठी रक्कम. पावती होती, संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांकही (सीएसआरची कामं करणाऱ्या संस्थेला लागतो तो) होता. मी टिक केलं. सरांनी एवढंच विचारलं, "संस्थेनं खर्च केले का?"

तिथे मी अडकले. संस्थेच्या खात्यात पैसे गेले म्हणजे सीएसआर झाला असं नसतं. ते कामावर लागले पाहिजेत, आणि तसं कंपनीच्या सीएफओनं, म्हणजे मुख्य वित्त अधिकाऱ्यानं, प्रमाणित करायचं असतं. विनियोगाचा हिशेब मागवला, तो अर्धाच आला. मग सीनियरबरोबर शाळेतच गेले. नव्या टाइल्स, दारावर कंपनीचा फलक, वर टाकी. टाकीला नळजोडणी नव्हती. दाराला कुलूप, किल्ली शाळेच्या मॅडमच्या पर्समध्ये. मुली मधल्या सुट्टीत घरी जात होत्या.

आपल्या सीए फर्म एकट्याच्या मालकीच्या, भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी). कलम १३५ कंपन्यांसाठी आहे, आपल्याला नाही. आमचे सर रामबागेतल्या एका छोट्या वाचनालयाचे हिशेब दर शनिवारी फुकट लिहितात, त्याचं मला मोल आहेच. पण फर्मची खरी सामाजिक जबाबदारी मला त्या कुलपापाशी कळली. आपण टिक केलं असतं, तर त्या कामाकडे पुन्हा कुणी पाहिलं नसतं.

प्रकल्प कंपनीच्या बोर्डानं 'चालू प्रकल्प' (एका वर्षात न संपणारा) म्हणून मंजूर केलेला होता, त्यामुळे न वापरलेली रक्कम ३० एप्रिलच्या आत 'अनस्पेंट सीएसआर', म्हणजे न खर्चलेल्या सीएसआर रकमेच्या वेगळ्या, बँक खात्यात टाकायला लावली. नळ जुलैत बसला. मॅडमनी पाठवलेला फोटो मी फाइलला लावला.