ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही त्यांचे तारण : कॅथलिक शिकवण कशी वाचावी

‘ख्रिस्तसभेबाहेर (म्हणजे चर्चबाहेर) तारण नाही’ या वचनापासून वाचनास आरंभ करायचा, तर ते प्रथम कोणाविषयी मांडले गेले हे पाहावे. तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्यासमोर ख्रिस्तसभेतून फुटून निघालेले ख्रिस्ती गट होते. परंतु एवढ्यावर थांबू नये, कारण १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या महासभेने (बिशपांच्या सर्वोच्च सभेने) हेच वचन यहुदी व मूर्तिपूजक यांनाही स्पष्टपणे लागू केले. हा उतारा गाळून केलेली मांडणी मला अप्रामाणिक वाटते.

यानंतर जपानमध्ये धर्मप्रसार केलेले संत फ्रान्सिस झेवियर यांचे जपानविषयीचे, जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून लिहिलेले पत्र वाचावे. आपल्या पूर्वजांची नरकातून सुटका नाही हे ऐकून जपानमधील यामागुची शहराचे नवख्रिस्ती रडत असत, असे ते लिहितात. मात्र त्याच पत्रात, हत्या व चोरी वाईट हे जपानी लोकांना कोणी शिकवण्यापूर्वीच ईश्वराकडून कळले होते, असाही युक्तिवाद ते करतात. पुढील विचाराचे बीज मला तेथे दिसते.

तो विचार पोप नववे पायस यांच्या १८६३ च्या परिपत्रकात, आणि अधिक विस्ताराने दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ मध्ये संमत केलेल्या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, सोळाव्या परिच्छेदात सापडतो. स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान व ख्रिस्तसभा ठाऊक झाली नाही, परंतु जे प्रामाणिक अंतःकरणाने ईश्वराचा शोध घेतात आणि सदसद्विवेकातून उमगलेली त्याची इच्छा कृपेच्या साहाय्याने आचरणात आणू पाहतात, त्यांनाही शाश्वत तारण लाभू शकते, असे तेथे म्हटले आहे. येथे ‘लाभू शकते’ असे आहे, ‘लाभतेच’ असे नाही. शिवाय ही कृपा ख्रिस्ताचीच मानलेली आहे. केवळ सज्जनपणाच्या बळावर मनुष्य तरतो, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. त्याच परिच्छेदाच्या अखेरीस माणसे अनेकदा फसतात असा इशाराही आहे, पण तो सहसा कोणी उद्धृत करत नाही. ख्रिस्तसभा आवश्यक आहे हे जाणूनही जो तिच्यात येण्याचे वा राहण्याचे नाकारतो, त्याचे तारण होऊ शकत नाही, हा कठोर निर्णय मात्र चौदाव्या परिच्छेदात कायम आहे.

विसाव्या शतकातील जर्मन ईशज्ञानी कार्ल रानर यांची ‘अनामिक ख्रिस्ती’ (ख्रिस्ताला न ओळखताही त्याच्या कृपेने जगणारी माणसे) ही संकल्पना एका ईशज्ञान्याचे मत म्हणून वेगळी ठेवावी. बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या बालकांचा प्रश्नही वेगळा आहे. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात त्यांना ईश्वराच्या दयेवर सोपवलेले आहे.

एखाद्याने आपल्या दिवंगत हिंदू आजीविषयी विचारले, तर ती तरली किंवा नाही असा कोणताच निर्वाळा देऊ नये. ख्रिस्तसभा संत घोषित करते, परंतु अमुक व्यक्ती नरकात गेली असे ती कधी जाहीर करत नाही. आजीसाठी प्रार्थना करावी का, असे पुढे विचारले, तर निःशंकपणे होकार द्यावा आणि मिस्सेची (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेची) चौथी कृतज्ञतास्तुतीची प्रार्थना दाखवावी, कारण ज्यांची श्रद्धा केवळ ईश्वरालाच ठाऊक होती अशा सर्व मृतांचे स्मरण तीत केलेले आहे.