एमडी-एमएसचं कॉलेज निवडताना काय काय पाहावं

नीट पीजीचा, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की घरात पहिला प्रश्न येतो: केईएम मिळेल का, जेजे, ससून? नावाचं वजन मलाही कळतं. पण रेसिडेन्सीची, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकण्याची, तीन वर्षं जातात ती एका युनिटमध्ये (विभागातल्या डॉक्टरांच्या एका तुकडीत), आणि एकाच कॉलेजातल्या दोन युनिटांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून चॉइस फिलिंगच्या (कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याच्या) आधी थोडी पायपीट करा.

१. ब्रँच आधी, कॉलेज नंतर. गायनॅक किंवा ऑर्थोच्या रात्री आणि पॅथॉलॉजीच्या रात्री यांची तुलनाच होत नाही. आधी हे घरच्यांशी बोलून ठरवा.

२. जेआर-वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटला, गाठा. जेआर-थ्री प्रेमाने सांगतो, पण पहिल्या वर्षाचे हाल तो बरेचसे विसरलेला असतो. जेआर-वनला नेमकं विचारा: युनिटची इमर्जन्सी ड्युटी आठवड्यातून किती वेळा येते? दुसऱ्या दिवशी किती वाजता सुटता? शेवटची सुट्टी कधी मिळाली? सँपल लॅबमध्ये न्यायला मामा-मावशी (वॉर्डातले मदतनीस) आहेत, की तुम्हीच धावता? यंदा कुणी सीट सोडली का? सोडली असेल तर का, हे खोदून विचारा.

कागदावरचे नियम माहीत असू द्या. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. २०२३ च्या पीजी नियमावलीत साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला किमान २० दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे. सुट्टीला कामाच्या निकडीची अट आहे, आणि युनिटायुनिटांतला फरक तिथेच पडतो.

३. हातात काय मिळतं ते पाहा. जेआर-टूला हर्निया, सीझर स्वतः करू देतात का? सुपरस्पेशालिटी विभाग असलेल्या कॉलेजात दुर्मिळ केसेस दिसतात, पण त्या डीएम-एमसीएचवाल्यांकडे (एमडी-एमएसनंतर सुपरस्पेशालिटी शिकणाऱ्यांकडे) जाऊ शकतात. मिरज, अंबाजोगाईसारखी नावं यादीत खाली टाकण्याआधी तिथल्या रेसिडेंटला हाच प्रश्न विचारा.

४. हॉस्टेल स्वतः जाऊन बघा. एका खोलीत किती जण, पाणी किती वेळ, रात्री एक वाजता खायला काय मिळतं. ऑन-कॉल रूम वेगळी आहे का, तिला आतून कडी आहे का, हे तर नक्कीच तपासा. वॉर्ड ते हॉस्टेल हा रस्ता अंधार पडल्यावर चालून पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या आपल्या सहकारी डॉक्टरवर बलात्कार झाला, तिचा खून झाला. सेमिनार रूममध्ये ती विश्रांती घेत होती. सुरक्षेचा हा प्रश्न विचारताना संकोच करू नका, मुलांनीही विचारा.

५. पैशाचा हिशेब लिहून काढा. स्टायपेंड वेळेवर होतो का, खासगी कॉलेज असेल तर तीन वर्षांची फी, सरकारी असेल तर पीजीनंतरचा एक वर्षाचा बाँड (सक्तीची सेवा), आणि सीट सोडली तर दंड किती.

भेटीचा दिवस निवडताना युनिटची इमर्जन्सी कधी आहे ते विचारून घ्या. तिच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारला वॉर्डात जा. कालपासून अजून कोण उभं आहे ते दिसेल. त्याला कँटीनमध्ये नेऊन पोटभर खाऊ घाला, मग विचारा.