व्यायाम सुरू होतो पण टिकत नाही? या चुका टाळा

फिरायला जायची कुठलीही जागा घ्या, पुण्यातली तळजाई, दादरचं शिवाजी पार्क, कोल्हापूरचा रंकाळा, नागपूरचा अंबाझरी तलाव, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे नुसती झुंबड असते. नवे कोरे शूज, नवीन ट्रॅकपँट, मनगटावर स्मार्टवॉच. संक्रांत होईपर्यंत त्यातले अर्धे गायब, आणि फेब्रुवारीत परत तेच वर्षानुवर्षं येणारे माकडटोपीवाले काका आणि साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या मावशी. गायब झालेल्यांना विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "अहो, मोटिव्हेशनच राहत नाही."

माझं म्हणणं थोडं वेगळंय. मोटिव्हेशन होतं की, भरपूर होतं, पण घोळ असा होतो की किती वाजता उठायचं, किती पळायचं, कुठली मेंबरशिप घ्यायची हे सगळं आपण त्या अंगात आलेल्या दिवशी ठरवतो, आणि ते पाळायचं कोणी तर गुरुवारी संध्याकाळी लोकलमध्ये दीड तास उभं राहून घरी आलेल्या माणसाने. तो माणूस पण आपणच, पण ठरवताना त्याला कोणी विचारलेलंच नसतं. खाली ज्या चुका लिहितोय त्यातल्या बऱ्याचशा इथूनच निघतात.

चूक: पहाटे ५ चा अलार्म

रात्री साडेनऊ-दहाला जेवण, मग भांडी, मग मोबाईल, झोपायला साडेबारा, आणि अलार्म ५ चा. हे तीन दिवस जमतं. चौथ्या दिवशी झोप जिंकते आणि आपल्याला वाटतं की आपण आळशी आहोत. व्यायाम पहाटेच केला पाहिजे असं काही नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आठवड्याला किती करा ते सांगितलंय, किती वाजता करा ते नाही. सकाळचा फायदा एवढाच की तेव्हा दुसरी कामं, फोन, पाहुणे आडवे येत नाहीत. पण ज्या घरात सकाळी ६ ते ८ डबे, स्कूल व्हॅन, पाण्याची मोटर असा गोंधळ चालू असतो तिथल्या बाईला "सकाळी लवकर उठून योगा कर गं" सांगणाऱ्यांनी आधी एक आठवडा ते डबे भरून दाखवावेत. तिच्यासाठी ११ वाजता सगळे बाहेर पडल्यावरची वेळ चालेल, किंवा मुलं क्लासला गेली की संध्याकाळची. आणि पहाटच हवी असेल तर सुरुवात रात्रीपासून करायची, आधी पंधरा दिवस नुसतं लवकर झोपायला शिका, व्यायामाचं नंतर बघू.

चूक: पहिल्याच दिवशी हिरोगिरी

ही सगळ्यात मोठी. रथसप्तमीला कुणीतरी ग्रुपवर १०८ सूर्यनमस्काराचं चॅलेंज टाकतं, आपणही जोशात घालतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. वर्षभर १२ घालणारा माणूस आणि एकदाच १०८ घालणारा माणूस यातला कोण फायद्यात हे सांगायला नको. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले ते रोजच्या सवयीसाठी, वर्षातून एकदा फोटो टाकायला नाही!

आता ते दुखणं नक्की काय असतं ते समजून घ्या, कारण बरेच लोक तिथेच सोडून देतात. सवय नसलेलं काम स्नायूंना अचानक पडलं की त्यांच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते, आणि दुखणं लगेच न येता २४ ते ७२ तासांत जास्तीत जास्त होतं. म्हणजे सोमवारी केलेलं मंगळवारी थोडं आणि बुधवारी जास्त दुखतं, आणि माणसाला वाटतं काहीतरी बिघडलं. लॅक्टिक ॲसिड साठलं वगैरे जे सांगतात ते खरं नाही, ते व्यायामानंतर तासाभरात निवळलेलं असतं. गंमत म्हणजे चढण्यापेक्षा उतरण्याने जास्त दुखतं, कारण उतरताना स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो. पर्वती चढताना धाप लागते पण दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात त्या उतरण्यामुळे.

उपाय काय, तर पूर्ण पडून न राहता दुसऱ्या दिवशी हळूहळू चालायचं, आणि तोच व्यायाम थोडा कमी करून दोन-तीन दिवसांनी परत करायचा, दुसऱ्या वेळी दुखणं बरंच कमी असतं. पण दुखणं सांध्यात असेल, एकाच ठिकाणी टोचत असेल, सूज आली असेल तर ती साधी अंगदुखी नाही. आणि खूप जोरात व्यायाम केल्यावर लघवी कोलासारखी गडद झाली तर थांबू नका, सरळ डॉक्टर गाठा, त्याने किडनीला धोका असतो.

मग सुरुवात कितीने करायची? लाज वाटेल इतक्या कमीने. १० मिनिटं चालणं, ४ सूर्यनमस्कार, एवढंच. मोठ्या माणसांसाठी लक्ष्य आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा, आणि शिवाय आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम असं आहे, पण ते पहिल्या सोमवारी गाठायचं नसतं. पूर्वी "सलग १० मिनिटं तरी हवीत" अशी अट असायची, २०२० च्या शिफारशीत ती काढून टाकली, त्यामुळे स्टेशनचा पूल भरभर चढलात तरी ते धरलं जातं. मध्यम म्हणजे किती हे कळायला घड्याळ लागत नाही, चालता चालता बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता यायला नको.

चूक: पैसे भरले की जाऊच

"वर्षाचे भरले ना, आता झक मारत जाऊ." नाही जात. डेलाविग्ना आणि मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या साडेसात हजारांहून जास्त मेंबर्सचा हिशोब तपासला होता, २००६ मध्ये तो छापून आला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारी मंडळी महिन्यातून सरासरी ४ वेळा जात होती, म्हणजे एका खेपेला १७ डॉलर, आणि त्याच जिममध्ये १० खेपांचा पास घेतला असता तर खेप १० डॉलरला पडली असती. आपल्याकडे पाडव्याच्या ऑफरमध्ये वर्षाचे एकदम भरणारे आठवून बघा.

जिम वाईट असं मी म्हणत नाही, ताकदीच्या व्यायामाला तर चांगलीच. पण आधी महिन्याचे भरा, दर थोडा जास्त पडेल तो पडू दे. आणि जिम घराजवळ किंवा ऑफिसच्या रस्त्यावर हवी, मशिनं कितीही भारी असली तरी उलट्या दिशेला ट्रॅफिकमधून २५ मिनिटं गाडी काढून कोणी जात नाही. शूजवर मात्र खर्च करा, बाकी ड्रेस-बिस नंतर.

चूक: "उद्यापासून रोज करणार"

रोज म्हणजे कधी? कुठे? काय? हे ठरलेलं नसलं की रोज संध्याकाळी नव्याने निर्णय घ्यावा लागतो आणि दमलेला माणूस कधीच व्यायामाच्या बाजूने निर्णय घेत नाही. ब्रिटनमध्ये २००२ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. एका गटाला तसंच सोडलं, दुसऱ्याला व्यायाम न केल्याने हृदयरोगाचा धोका कसा वाढतो हे वाचायला दिलं, तिसऱ्याला तेही वाचायला दिलं आणि वर पुढच्या आठवड्यात कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहायला लावलं. पहिल्या गटातल्या ३८ टक्के मुलांनी व्यायाम केला, दुसऱ्यातल्या ३५ टक्के, आणि तिसऱ्यातल्या ९१ टक्के. म्हणजे नुसतं मोटिव्हेशन देऊन काडीचा फरक पडला नाही, त्या एका ओळीने पडला. तेव्हा रात्री दीड वाजता ते "उठ मित्रा" टाईपचे व्हिडिओ बघणं बंद करा आणि झोपा.

ओळ कशी लिहायची, तर "सोमवार-बुधवार-शुक्रवार, ऑफिसातून आल्यावर, चहाच्या आधी, बूट न काढता, सोसायटीला ६ चकरा". यातलं बूट न काढता महत्त्वाचं. एकदा बूट काढून सोफ्यावर टेकलात की संपला विषय.

चूक: रोज वजनकाटा

७० किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर दीडशेच्या आसपास कॅलरी जातात, आणि एक वडापाव साधारण तीनशेचा. त्यामुळे नुसत्या चालण्याने महिन्यात ५ किलो उतरणार नाहीत, आणि तेवढ्यासाठीच सुरू केलं असेल तर तिसऱ्या आठवड्यात काट्याकडे बघून मन खट्टू होणार हे ठरलेलं. उलट सुरुवातीला वजन किलोभर वाढू पण शकतं, स्नायूंमध्ये पाणी धरलं जातं म्हणून. लवकर बदलतात त्या गोष्टी वेगळ्या असतात, झोप बरी लागते, तिसरा मजला न थांबता चढता येतो, दुपारी ४ ची सुस्ती कमी होते. त्या बघा.

चूक: २१ दिवस आणि १० हजार पावलं

२१ दिवसांत सवय लागते ही गोष्ट आली कुठून, तर मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की पेशंटला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण २१ दिवस तरी लागतात. नाकाच्या ऑपरेशनची गोष्ट आपण जिमला लावली. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर बघितलं तेव्हा सरासरी ६६ दिवस आले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ पर्यंत. त्यातली कामाची गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर खास परिणाम झाला नाही. म्हणून २२ व्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट नाहीये, आणि एक दिवस गेला म्हणून "आता पुढच्या सोमवारपासून" करू नका, दुसऱ्याच दिवशी जा.

१० हजार पावलांचंही तसंच, १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच १० हजार होतं, तिथून तो आकडा जगभर गेला. २०२२ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला त्यात साठीच्या पुढच्यांना ६ ते ८ हजारांपर्यंत आणि त्याहून तरुणांना ८ ते १० हजारांपर्यंत फायदा वाढत जाताना दिसला, त्यापुढे फारसा नाही. सध्या ३ हजार होत असतील तर ४ हजार करा, रात्री ११ ला हॉलमध्ये येरझाऱ्या घालून आकडा पुरा करायची गरज नाही.

सुरू केलंय पण अडलंय?

पाऊस: जून ते सप्टेंबर बाहेरचं चालणं बेभरवशाचं. जूनच्या आधीच घरातला पर्याय ठरवून ठेवा, सूर्यनमस्कार, जिने, पार्किंगमधल्या चकरा. दोरीच्या उड्या तिसऱ्या मजल्यावर मारू नका, खालचे काका वर येतील.

गणपती, दिवाळी, लग्नं, ताप: आठवडा-दोन आठवडे खाडा झाला तर जिथे सोडलं तिथून न करता निम्म्यावरून सुरू करा. ताप असताना व्यायाम नाही म्हणजे नाही.

पार्टनर: सोबत असावी, पण "तो आला तर जाईन" अशी अट नको. आणि ग्रुप २० मिनिटं चालून ४० मिनिटं अमृततुल्यवर बसत असेल तर तो चहाचा ग्रुप आहे, छानच आहे, पण व्यायाम वेगळा करा.

कंटाळा: आवडती मालिका किंवा पॉडकास्ट फक्त चालतानाच ऐकायचा असा नियम करून बघा. अमेरिकेत केटी मिल्कमन यांनी हे जिममध्येच ऐकता येतील अशी ऑडिओबुक्स देऊन तपासलं, सुरुवातीला त्या लोकांचं जिमला जाणं ५१ टक्क्यांनी जास्त होतं, मग सणाची सुट्टी आली आणि ते उतरलं. म्हणजे दिवाळीनंतर परत नवीन काहीतरी शोधायला लागणार.

शुगर, बीपी, हार्ट: इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. चालताना छातीवर दडपण आलं, हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर "ॲसिडिटी असेल" म्हणत घरी न जाता हॉस्पिटल.

कुत्री: कुठल्याच फिटनेस लेखात नसतं पण पहाटेचं चालणं बंद पडायचं हे एक खरं कारण आहे. अंधारात गल्लीतून एकटं जाण्यापेक्षा उजाडल्यावर निघा, जिथे चार माणसं असतात तो रस्ता धरा, अंगावर आली तर पळू नका, थांबा आणि हळूहळू मागे व्हा. चावलंच तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शन.