किनाऱ्यावर पळताना: कॉफी किती, पाणी किती, मीठ किती

कॉफीने अंगातलं पाणी जातं, तेव्हा पळण्याआधी ती नकोच, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. रोज कप-दोन कप पिणाऱ्याच्या बाबतीत यात तथ्य नाही. कोकणात माणूस सुकतो तो घामाने. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, नुसता गळतो. वाळला नाही की गारवा नाही, मग शरीर आणखी घाम काढतं. म्हणून कॉफीचा आणि पाण्याचा हिशोब वेगवेगळा मांडावा.

आधी कॉफी. वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन हे खेळाडूंसाठीचं नेहमीचं प्रमाण. सुरुवात २ पासून करा, बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. ६० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम झाले. शुद्ध इन्स्टंट कॉफीच्या सपाट चमच्यात (सुमारे २ ग्रॅम) साधारण ६० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन चमचे. मात्र पाकिटावर चिकोरीचं (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं) प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. चिकोरीत कॅफिन नसतं. ७० टक्के कॉफी, ३० टक्के चिकोरी अशा मिश्रणाच्या दोन चमच्यांतून ८०-८५च मिळतं.

निघण्याच्या ४५ ते ६० मिनिटं आधी, काळी आणि थोड्या पाण्यात घ्या. दुधाची कॉफी पळताना काहींच्या पोटात ढवळते. कॉफीने पोट साफ व्हायची घाई होते, तो वेळ घरीच जाऊ द्या. मुरुडच्या किनाऱ्यावर आडोसा शोधत फिरणं बरं नव्हे. आणि एक लक्षात ठेवा: कॅफिन थकवा दडवतं, उष्णता कमी करत नाही. मे महिन्यात उन्हं चढल्यावर पळायचं असेल तर कॉफी घेऊन वेग वाढवण्यापेक्षा ती टाळलेली चांगली. किलोमागचा हिशोब काहीही येवो, निरोगी प्रौढाने एका वेळी २०० आणि दिवसात ४०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, गरोदर बाईने दिवसाला २०० च्या आत राहावं. धडधड होणाऱ्यांनी आणि बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी, मिठाचंही तसंच.

आता पाणी. दुसऱ्याचं माप तुमच्या कामाचं नाही, स्वतःचा घाम मोजा. लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर पळा, किती प्यायलात ते लक्षात ठेवा, अंग पुसून पुन्हा वजन करा. ६२ किलोचे ६१.१ झाले आणि वाटेत ४०० मिली प्यायलात, तर घाम १.३ लिटर. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत राहील एवढं वाटेत प्यायचं. बहुतेकांना दर १५-२० मिनिटांनी १५० ते २०० मिली पुरतं. उलट पळून आल्यावर वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि त्यावर आणखी पाणी पाजणं धोक्याचं असतं.

तासाच्या आतल्या पळण्याला साधं पाणी ठीक. त्याहून जास्त वेळ असेल, किंवा दापोलीहून दाभोळची फेरीबोट पकडून गुहागरपर्यंत सायकल न्यायची असेल, तर ७५० मिलीच्या बाटलीत ३ मोठे चमचे कोकम सरबताचा अर्क आणि पाव लहान चमचा मीठ घाला. साखर साधारण ५ टक्के होते. सरबत आवडतं म्हणून दुप्पट अर्क ओतला की पाणी पोटात डचमळत राहतं, कारण जास्त साखरेने जठर हळू रिकामं होतं. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरत असाल तर वरून मीठ नको. आगळात ते आधीच असतं, आणि दर घरी वेगळं, म्हणून आगळ चव बघूनच घाला.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. तेव्हा शहाळ्यात चिमूटभर मीठ टाका किंवा सोबत मीठ लावलेली कैरी खा. सोलकढी जेवणासोबतच बरी, नारळाच्या दुधाची चरबी पळताना जड जाते.

घरी आल्यावर घटलेल्या दर किलोमागे सव्वा ते दीड लिटर, दोन-तीन तासांत, हळूहळू. मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज इथे उत्तम काम करते: पाणी, मीठ आणि पिष्ट एकाच वाडग्यात. पुढचा कॉफीचा कप जेवणानंतर तासाभराने घ्या, नाहीतर जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. आणि दुपारी तीननंतर नको, कारण पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन रक्तात असतं.

गरगरणं, बरळणं, तापलेलं अंग दिसलं तर पाजत बसू नका; सावलीत निजवून सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

बाटली स्टीलची किंवा प्लास्टिकची. तांब्याच्या बाटलीत कोकम भरू नका, आंबटाने तांबं पाण्यात उतरतं. आणि परतल्यावर ती लगेच गरम पाण्याने धुवा, झाकणाची रबरी चकती काढून. साखरेमुळे तिथे बुरशी पहिल्यांदा धरते.