लेकीची खोली, आजीच्या काळातली स्टाईल

गुलाबी सेट ऑनलाईन मागवायच्या आधी माळ्यावर चढून बघा की, बेळगावात जुन्या घरात सागवानी पाळणा निघतोच. फक्त त्याचा जुना रंग घरात घासू नका, त्यात शिसं असू शकतं आणि ते बाळाच्या मेंदूला वाईट, सुताराकडंच काढून घ्या आणि दांड्यांमधली फट ६ सेंटीमीटरच्या आत आहे का तेही मोजा. भिंतीला फिका क्रीम रंग, त्यावर गुळेदगुड्डचा खण फ्रेम करून, बास. इरकलीचा लाल-पांढरा टोपपदर पडद्याला लावला तर भारीच दिसतोय, साडी विरली असली तरी पदर बहुतेक टिकलेला असतो. वाकळ खुर्चीवर टाका, पाळण्यात नको, वर्षाच्या आत उशी-पांघरूण काहीच नको. सावंतवाडीची लाकडी खेळणी उंच फळीवर.