फाटलेल्या दुधातून निवळशंख पंच

रावेरला आमच्या घरी दूध फाटलं की माय कपाळाला हात लावते. मी ते मुद्दाम फाडतो, कारण केळ्याची रम काचेसारखी नितळ करायला दुधासारखी गाळणी नाही. ही युक्ती जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने 1763 मध्ये मित्राला मिल्क पंचची, म्हणजे दुधानं नितळ केलेल्या दारूच्या आंबटगोड पेयाची, कृती पत्रातून कळवली होती.

केळी सालीवर काळे ठिपके पडलेलीच घ्या. केळ्याचा वास ज्या आयसोअमाइल ॲसिटेटमुळे येतो, ते पाण्यापेक्षा दारूत फार चांगलं विरघळतं. दोन केळ्यांच्या चकत्या 400 मिली डार्क रममध्ये एक दिवस फ्रीजमध्ये ठेवा आणि गाळा. मिक्सर नको. लगदा झाला की फडकं तुंबतं आणि रात्रभर थेंब मोजत बसावं लागतं.

या रममध्ये 150 मिली कडक कोरा चहा (गार करून), 100 मिली लिंबाचा रस आणि 80 ग्रॅम साखर विरघळवा.

आता मुख्य काम. मोठ्या पातेल्यात 180 मिली कोमट दूध घ्या आणि त्यात हे आंबट मिश्रण बारीक धारेनं सोडा. दूध मिश्रणात ओतायचं नाही! पहिल्या वेळी मी तेच केलं. आंबटात पडताक्षणी दुधाचे गोळे झाले आणि पंच ताकासारखा गढूळ राहिला. दुधाचा सामू (pH, जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या आसपास उतरला की त्यातलं केसीन हे प्रथिन साकळतं. धार बारीक असेल तर कण बारीक पडतात, आणि जाताजाता चहातलं टॅनिनही धरून नेतात. चहात दूध घातल्यावर तुरटपणा मरतो, तसंच हे. लिंबाची चव राहते, घशाला ओरखडा उरत नाही.

अर्धा तास पातेल्याला हात लावू नका. मग दुहेरी मलमलच्या फडक्यातून गाळा. पहिला पेला गढूळच येईल. तो त्याच चोथ्यावर हलकेच परत ओता. तो चोथाच खरी गाळणी. दोन-तीन फेऱ्यांत खाली पिवळसर, आरपार दिसणारी धार लागते. ती पहिल्यांदा बघाल तेव्हा ग्लासामागे वर्तमानपत्र धरून वाचून पाहा. घाई करून फडकं पिळलंत तर सगळं पुन्हा गढूळ.

बाटली फ्रीजमध्ये ठेवा. देताना 60 मिली, एकच मोठा बर्फाचा खडा. वर केळ्याची चकती खोचू नका. वास ग्लास नाकाशी नेल्यावरच कळू दे.